रेड असलेल्या सर्व्हरला यूईएफआय कशाला? लेगसीच बरं!

स्टँडबाय_01
रेड (अनेक डिस्का जोडून एकच असल्यासारख्या वापरायची पद्धत) लावतो ते एखादी डिस्क गेली तरी सर्व्हर उठावा म्हणून. यूईएफआयमध्ये (सर्व्हर सुरू करणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरमध्ये) मात्र बूट एंट्री (काय सुरू करायचं याची नोंद) बसते मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) आणि बूटलोडर (ओएस उठवणारा प्रोग्राम) ईएसपी नावाच्या फॅट32 पार्टिशनमध्ये. पहिल्याशी रेडचा संबंधच नाही, दुसरं, म्हणजे ईएसपी, सॉफ्टवेअर रेडमध्ये सुखाने बसत नाही. नुकताच एका सर्व्हरचा बोर्ड बदलून घेतला. रेड कार्ड तेच, डिस्का त्याच, अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कांचा संच) ऑप्टिमल, एकही दिवा पिवळा नाही. आणि स्क्रीनवर काय, तर बूट डिव्हाइस सापडलं नाही! लेगसीत (जुन्या बायोस पद्धतीत) फर्मवेअर डिस्कचा पहिला सेक्टर उचलतं आणि चालवतं, विषय संपला. मी नव्या सर्व्हरांवरही लेगसीच ठेवणार. पटत नसेल तर कारण द्या. ‘जमाना बदललाय’ हे कारण नव्हे.

हॉटस्वॅप
घ्या कारण. 512 बाइटच्या सेक्टरवर एमबीआरची (डिस्कच्या पहिल्या सेक्टरातल्या जुन्या पार्टिशन टेबलाची) धाव साधारण 2.2 टीबीपर्यंतच. रेड-5 ची व्हर्च्युअल डिस्क हल्ली एवढी लहान कोण करतं? शिवाय लेगसीत सगळ्या कार्डांच्या ऑप्शन रॉमना (कार्डावरच्या, सर्व्हर सुरू होताना चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामना) मिळून जेमतेम 128 केबी जागा असते. रेड कार्ड, दोन नेटवर्क कार्डं आणि एक फायबर चॅनेल भरा, कुणाचा तरी रॉम बाहेर राहतो. तो रेड कार्डाचा निघाला तर बसा शोधत.

स्टँडबाय_01
2.2 टीबीचं रडगाणं जुनं झालं. त्याच अ‍ॅरेतून ओएससाठी 100 जीबीची वेगळी व्हर्च्युअल डिस्क काढा. नाहीतर जीपीटीवर (नव्या पार्टिशन टेबलावर) 1 एमबीचं बायोस बूट पार्टिशन ठेवा, ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) लेगसीतूनही उठतो.

ग्रब_रेस्क्यू
लिनक्सवर उठतो. विंडोज सर्व्हर जीपीटी डिस्कवरून लेगसीत बूट होत नाही.

पण तुमची मूळ तक्रारच मला मान्य नाही. एमडीएडीएमचा (लिनक्समधल्या सॉफ्टवेअर रेडच्या टूलचा) मिरर (दोन डिस्कांवर तीच प्रत) बहुतेक जण पार्टिशनांवर करतात. एमबीआर आणि त्यामागच्या रिकाम्या जागेत बसलेला ग्रबचा भाग त्या मिररच्या बाहेरच असतो. एक डिस्क मेली, बदलली, रीबिल्ड झालं, सगळे खूश. नव्या डिस्कवर ग्रब टाकायचं राहून गेलं. पुढे जुनी डिस्कही गेली की तुमची लाडकी लेगसी तशीच तोंडघशी पाडते. यूईएफआयमध्ये ती उणीव निदान पार्टिशन टेबलात डोळ्यांना दिसते.

आता तुमचा सर्व्हर. नव्या बोर्डाच्या सेटिंग डिफॉल्टवर येतात. स्टोरेजचा ऑप्शन रॉम लेगसीवर किंवा बंद असेल तर रेड कार्डाचा यूईएफआय ड्रायव्हर लोडच होत नाही, मग अ‍ॅरे कितीही ऑप्टिमल असो. अंदाज बांधत बसू नका, यूईएफआय शेल (फर्मवेअरची कमांड लाइन) उघडा आणि ‘मॅप’ कमांड द्या. एफएस0 आलं तर फर्मवेअरला डिस्कही दिसतेय आणि त्यावरचं फॅटही वाचता येतंय. आत जाऊन शिम (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) किंवा ग्रबची ईएफआय फाइल हाताने चालवा. ओएस उठली तर फक्त एंट्री गेलीय. नुसत्या बीएलके (कच्च्या डिस्कच्या) ओळी आल्या, एफएस एकही नाही, तर ईएसपी खराब आहे किंवा ओएस मुळात लेगसीतच टाकलेली होती (हे सगळ्यात जास्त वेळा निघतं, आणि कुणी कबूल करत नाही). अ‍ॅरेची एकही ओळ नसेल तर कंट्रोलरच्या सेटिंगकडे वळा. सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असेल तर शेल बऱ्याचदा उघडत नाही, तेवढ्यापुरतं बंद करा.

नवा_अ‍ॅडमिन
माझ्याकडे बोर्डावरच्याच साटाचं (डिस्क जोडायच्या पोर्टांचं) रेड आहे, वेगळं कार्ड नाही. तिथेही हेच करायचं?

ग्रब_रेस्क्यू
आधी साटाचा मोड बघा. डिफॉल्टला एएचसीआय (रेड नसलेला साधा मोड) आला असेल तर मिररच्या दोन डिस्का सुट्या दिसतील. तशाच बूट करू नका, आधी परत रेडवर आणा. आणि कुणी वेगळं कार्ड बदललं असेल अन् ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (डिस्कांवर दुसऱ्या कार्डाची रेड मांडणी आहे) असा संदेश आला, तर इम्पोर्ट. चुकूनही क्लिअर नाही.

स्टँडबाय_01
शेल उघडलं. एफएस0 आहे, तिथून शिम चालवल्यावर ओएसही उठली. म्हणजे एंट्रीच उडालेली. हेच तर मी म्हणत होतो! डेटा शाबूत, बूटलोडर शाबूत, आणि सर्व्हर अडून बसला कशासाठी, तर चार ओळींच्या नोंदीसाठी.

हॉटस्वॅप
त्यासाठीच फॉलबॅक मार्ग आहे हो. ईएसपीवर ईएफआय फोल्डरात बूट नावाचं फोल्डर आणि त्यात बूटएक्स64 नावाची ईएफआय फाइल असली की एंट्री नसतानाही फर्मवेअर ती उचलतं. डेबियनमध्ये ग्रबच्या पॅकेजला तसं सांगताही येतं. सॉफ्टवेअर रेड असेल तर दोन्ही डिस्कांवर ईएसपी करून एमडी (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडच्या) मिररमध्येच टाका. मेटाडेटा (रेडची स्वतःची माहिती) 1.0 प्रकारचा घ्या. तो पार्टिशनच्या शेवटी बसतो, त्यामुळे फर्मवेअरला ते साधं फॅटच वाटतं.

ग्रब_रेस्क्यू
इथे मात्र कडक असहमत. फर्मवेअरने किंवा एखाद्या अपडेट टूलने एकाच डिस्कच्या ईएसपीवर काही लिहिलं तर एमडीला पत्ता लागत नाही. दोन प्रती वेगळ्या, आणि पुढच्या सिंकला कुठली टिकेल सांगता येत नाही. दोन सुट्या ईएसपी ठेवा. उबंटू 20.04 पासून ग्रब एकापेक्षा जास्त ईएसपींवर स्वतः टाकला जातो, प्रॉक्समॉक्सचं तर त्यासाठी वेगळं टूलच आहे.

हॉटस्वॅप
आणि ज्या डिस्ट्रोत ती सोय नाही तिथे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) कॉपी? ती बंद पडलेली कळते डिस्क गेल्यावरच. फर्मवेअर ईएसपीवर लिहितं हे ऐकतो सगळेच, बघितलंय किती जणांनी?

स्टँडबाय_01
आधी तुम्ही दोघं ठरवा. इंटेलने 2017 मध्येच सीएसएम (यूईएफआयमधला लेगसी चालवणारा भाग) 2020 पर्यंत काढायचं म्हटलं होतं, आणि नव्या बोर्डावर शोधलं तर लेगसीचा पर्याय खरंच नाही. तिथे फॉलबॅक फाइल टाकली. जुने सर्व्हर लेगसीवर आहेत, तिथेच राहतील.