तपासणीला तोतया बसवल्याच्या कारणावरून नाकारलेला मृत्युदावा

नगरकर:
माझ्या वडिलांची 15 लाखांची टर्म पॉलिसी जून 2021 मधली होती. ते फेब्रुवारी 2025 मध्ये हृदयविकाराने गेले. आई नॉमिनी असून तिचा दावा कंपनीने आता नाकारला आहे. वैद्यकीय तपासणीला वडिलांच्या जागी दुसराच माणूस बसवला होता, असे कारण दिले आहे. सोबतचा तपासणी अहवाल वाचून आम्हीच चक्रावलो, कारण त्यात ‘शारीरिक व्यंग नाही’ अशी नोंद आहे आणि वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटे कडबाकुट्टीत गेलेली होती, हे वस्तीवरच्या लहान पोरालाही ठाऊक होते. तपासणीची सगळी व्यवस्था एजंटाने केली होती. तीन वर्षे उलटल्यावर असा आक्षेप घेता येतो का?

निवृत्त दावे अधिकारी:
अहवालातला माणूस तुमचे वडील नव्हते, हे मला तरी उघड दिसते. ते नाकारण्यात शक्ती घालवू नका. विमा अधिनियम, 1938 च्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने, अगदी फसवणुकीच्याही, पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. मात्र 2015 च्या दुरुस्तीनंतर ही मुदत पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, पुनरुज्जीवनाची किंवा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेले पूरक संरक्षण) जोडल्याची, यांपैकी जी तारीख सर्वांत नंतरची असेल तिच्यापासून मोजतात. मधल्या काळात पॉलिसी बंद पडली होती का?

नगरकर:
होय. थकलेला हप्ता व्याजासह भरून 27 ऑक्टोबर 2022 रोजी ती पुन्हा चालू केल्याची पावती आईच्या ट्रंकेत सापडली. म्हणजे मृत्यू तीन वर्षांच्या आतला ठरतो.

वकील, पुणे:
मृत्यूची तारीख येथे निर्णायक नाही. कंपनीने आक्षेप कधी घेतला, ते पाहावे लागते. मिठूलाल नायक खटल्यात (1962) सर्वोच्च न्यायालयाने पुनरुज्जीवनाची तारीख धरली नव्हती, म्हणून काही जण आजही तोच दाखला देतात, परंतु नव्या कलमापुढे तो टिकणार नाही. नकाराच्या पत्रावर तारीख कोणती आहे?

नगरकर:
18 नोव्हेंबर 2025. सप्टेंबरमध्येही एक पत्र आले होते, पण त्यात फक्त आधारकार्ड आणि बँकेतील सहीचा नमुना मागितला होता.

वकील, पुणे:
मग तुमची बाजू वाटली त्याहून बरीच भक्कम आहे. पुनरुज्जीवनापासूनची तीन वर्षे ऑक्टोबर 2025 मध्येच संपली आणि नकार त्यानंतर आला. कागद मागणे म्हणजे आक्षेप घेणे नव्हे, असा युक्तिवाद करता येईल; कंपनी नेमके उलट म्हणेल, म्हणून ते पत्र पाकिटासह जपून ठेवा. मुदतीचा मुद्दा फसला तर मात्र अवघड आहे, कारण विमेदार हयात नसताना फसवणूक झाली नाही हे सिद्ध करण्याचा भार लाभार्थ्यांवर येतो. त्या वेळी त्याच कलमातील स्पष्टीकरण मांडा: विमा करार घडवून आणणारी व्यक्ती करार होण्यापुरती कंपनीचीच प्रतिनिधी मानली जाते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत जा. तेथे शुल्क नाही आणि वकीलही चालत नाही, त्यामुळे माझ्यासारख्याची फी वाचेल. आईंना मात्र एजंटाविषयी जे आठवते ते आजच लिहून काढायला सांगा.