तिबेटी गालिचा आणि गाठींचा हिशेब

तिबेटी गालिच्यात चौरस इंचाला ६० ते १००च गाठी, म्हणून तो इराणीपेक्षा हलका माल, असं म्हणतात, ते काही पटलं नाही. मुळात पद्धतच निराळी. इराणी विणकर एकेक गाठ मारून धागा तिथल्या तिथे कापतो. तिबेटी विणकर ताण्यापुढे, म्हणजे मागावर उभ्या ताणलेल्या धाग्यांपुढे, एक सळई आडवी धरते आणि लोकर ताण्यामागून घेऊन सळईवर गुंडाळत जाते. ओळ भरली की सळईवर हातोडीचे ठोके, मग तिच्यावरून सुरी. सगळे फास एका झटक्यात उघडतात! शेवटी नक्षीच्या कडेकडेने कात्रीने कोरतात, त्यामुळे फुलं थोडी वर उठून दिसतात.

आणि हा प्रकार दिवाणखान्यात मिरवायला जन्मलाच नव्हता. 'खादेन' म्हणजे साधारण ३ बाय ६ फुटांचं अंथरूण, त्यावर बसायचं आणि झोपायचंही. तिथल्या थंडीत बारीक नक्षीपेक्षा जाड, तेलकट लोकर मोलाची. मोठ्या आकाराचे गालिचे निर्यातीसाठी वाढले ते १९५९ नंतर, तिबेटी निर्वासित नेपाळात आल्यावर. काठमांडूजवळच्या जावलाखेलचं गालिचे विणण्याचं केंद्र तर स्विस मदतीतूनच उभं राहिलं. पुढे न्यूझीलंडची लोकरही मिसळू लागले, तेव्हा 'तिबेटी लोकर' म्हणून विकतात ती सगळी तिबेटचीच असेल असं धरू नका.