महारेराच्या आदेशावर अपील: ६० दिवस उलटून गेले, आता काय करावं?

पैठणगेट: बीड बायपासवरच्या फ्लॅटचा ताबा लांबला, त्याची महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, तक्रार होती. आदेश ३ एप्रिलला ईमेलवर आला. व्याज मंजूर झालं, पण करारातल्या ताब्याच्या तारखेपासून नाही, एक वर्ष पुढून. नुकसानभरपाई दिली नाही. आज १८ जून. अपिलासाठी आता वेगळी परवानगी लागते का? आणि आधी ३० टक्के रक्कम भरावी लागते म्हणतात, ती आम्हालाही का?

वाळूजकर: मुदतीत असता तर परवानगीचा प्रश्नच नव्हता, रेरा कायद्याच्या (स्थावर संपदा कायदा, २०१६) कलम ४४ खाली अपील हा हक्क आहे. मुदत आदेशाची प्रत मिळाल्यापासून ६० दिवस. मिळाल्याचा दिवस सोडा. एप्रिलचे २७, मेचे ३१, जूनचे २. म्हणजे २ जूनला संपली. २० तारखेला दाखल केलंत तर १८ दिवस उशीर. पुरेसं कारण पटलं तर अपील न्यायाधिकरण तो माफ करू शकतं.

अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्या. अर्ज फसतो तो "आजारपण होतं, कायदा माहीत नव्हता" अशा मोघम वाक्यांमुळे. दवाखान्यात भरती कधी, सुट्टी कधी, कागद वकिलाकडे कधी दिले, हे तारखांनिशी लिहा आणि पुरावा जोडा. मुदत संपल्यानंतरचे १८ दिवसही त्यात आले पाहिजेत. बरेच जण पहिल्या ६० दिवसांचंच सांगतात. आदेश कसा चुकला हे अपिलात मांडा, या अर्जात त्याची भर नको. ईमेलची तारीख दिसेल अशी प्रिंट मात्र हवीच, सगळी मोजणी तिच्यावर उभी आहे.

मांजराकाठ: पैसे भरण्याची अट कलम ४३(५) ची आहे आणि ती फक्त प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला. ३० टक्क्यांचा आकडाही अर्धवट सांगितला जातो. किमान ३० टक्के हे दंडाबाबत. ग्राहकाला द्यायचं व्याज किंवा परतावा असेल तर ती पूर्ण रक्कम भरल्याशिवाय बिल्डरचं अपील ऐकलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यूटेक प्रकरणात ही अट कायम ठेवली.

आता नुकसानभरपाईचं. ती ठरवण्याचा अधिकार कलम ७१ खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याचा. प्राधिकरणाने त्या कारणाने मागणी बाजूला ठेवली असेल तर तिथे स्वतंत्र अर्ज करा, अपिलात तो मुद्दा रेटून वेळ जाईल.

वाळूजकर: अजून एक तपासा. आदेशाच्या मजकुरात करारातली तारीख बरोबर आणि शेवटच्या आदेशातच वर्ष चुकलंय, असं असेल तर ती लेखनचूक. कलम ३९ खाली दोन वर्षांत दुरुस्ती मागता येते. पण अपील दाखल झालं की तो मार्ग बंद. कारणं देऊन वर्ष कमी केलं असेल तर मात्र अपीलच, आणि तेही लगेच. दुरुस्तीचा अर्ज टाकला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही.

पैठणगेट: कारणं दिलेली आहेत. बिल्डर मंजूर व्याजाचा चेक देतो म्हणतोय. घ्यावा का?

मांजराकाठ: घ्या, पण "वाढीव व्याजाचा हक्क राखून स्वीकारत आहे" असं पत्र देऊन त्याची पोच घ्या. पावतीत "संपूर्ण व अंतिम" शब्द असतील तर सही करू नका, त्याच कागदावर तुमचं अपील अडवलं जाईल.