गावाकडं घर बांधताना कोण कोण धावून आलं? अनुभव सांगा

सोलापुरात बारा वर्षं भाड्यानं राहिलो. आता उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात तीन खोल्यांचं घर बांधायचंय, पाया माघात खणायचा विचार आहे. काम ठेकेदाराला अंगावर द्यायचं नाही. गवंडी एक, बाकी वस्तीवरची माणसं आणि आम्ही. खुरपणी-काढणीची सावड, म्हणजे मजुरी न घेता एकमेकांच्या कामाला जाणं, आम्हाला ठाऊक आहे, घराची सावड कशी जमवायची ते कळत नाही. ज्यांनी असं घर उभं केलंय त्यांनी लिहावं. कोणी काय दिलं, कुठं अडलं, फेड कशी केली, सगळं सांगा.

मंगळवेढ्याकडून

पहिलं सांगतो, माघात खणू नका. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी असते, हाक मारली तरी माणूस मिळणार नाही. दिवाळीनंतर पेरण्या उरकल्या की लगेच धरा.

आमची जमीन काळी. मालदांडी ज्वारीला ही माती सोनं, पण घराला फार वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचा पाया तिच्याबरोबर हलतो. चुलत्यानं 3 फुटांवर पाया घेतला होता. दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेली. म्हणून मी मुरूम लागेपर्यंत खणायचं ठरवलं. 5 फूट झाले तरी काळीच. जेसीबी आणावा तर पैसे सळईसाठी राखलेले.

शेजारच्या वस्तीवरचे दोघं भाऊ विहिरींच्या कामावर जातात. थोरला खड्ड्यात उतरला, पहार आपटली, कान देऊन ऐकलं. "अजून बद्द वाजतंय, आण्णा. मुरूम लागला की पहार करकरती." दुसऱ्या दिवसापासून दोघं सकाळी दोन-दोन तास देऊन मग आपल्या कामावर जायचे. 7 फुटांवर पहार करकरली. मजुरी विचारली तर थोरला रागावला. पुढच्या वर्षी त्यांच्या कांद्याच्या काढणीला मी आणि मंडळी आठ दिवस गेलो, तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं.

निघालेली काळी माती जोत्यात भरू नका. आम्ही ती रानात पसरली आणि जोत्यात ओढ्याकडचा मुरूम थराथरानं, पाणी मारून ठोकला. नऊ वर्षं झाली, भिंतीला केसाएवढी चीर नाही.

बार्शीकडून

आमचं बांधण्याआधी उतरवणं होतं. आजोबांचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे अंगणात पळालो. दगडमातीच्या जाड भिंती, वर वर्षानुवर्षं चढवलेल्या मातीचं ओझं. लातूर-उस्मानाबादकडं अशाच घरांखाली माणसं गेली. त्यानंतर आई माळवदाखाली कधी झोपली नाही.

उतरवायला अर्धी गल्ली आली. आधी वरची पांढरी माती, मग लाकडाच्या चिपा, कड्या, शेवटी तुळया. भिंतीला तोवर हात लावायचा नाही, हे एका म्हाताऱ्या सुतारानं उन्हात उभं राहून करून घेतलं. पांढरी माती गल्लीतल्यांनी गाड्या भरून नेली, ज्यांची माळवदं गळत होती त्यांनी. मजुरी म्हणून तेवढीच मागितली. एका तुळईच्या चौकटी झाल्या, त्याच दारातून आज ये-जा करतो.

सांगोल्याकडून

पाण्याचं आधी बघा. स्लॅबवर आळी करून दोन आठवडे पाणी धरावं लागतं. आमचं बोअर आटलं तेव्हा शेजाऱ्यानं डाळिंबाचं पाणी तोडून दिवसाआड तासभर आम्हाला दिलं. ऐन बहरात. मे महिन्यात स्लॅब टाकूच नका.

अक्कलकोटकडून

आईच्या नावावर घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेत आमच्याकडं 1 लाख 20 हजार मिळाले, शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. पण हप्ता काम झाल्यावर येतो आणि वाळू-सिमेंट आधी लागतं. तो मधला खड्डा आईच्या बचत गटातल्या बायकांनी भरला.

स्लॅबच्या दिवशी पहाटे चारला गल्ली जागी. आमची गल्ली अर्धी कानडी, अर्धी मराठी. समोरचे आजोबा मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसले आणि घमेली मोजत राहिले: ओंदु, एरडु, मूरु. सिमेंट एक, वाळू दीड, खडी तीन, त्यात फरक पडू दिला नाही. पोरांनी लवकर आटपावं म्हणून पाणी जास्त ओतलं की ओरडायचे. दुपारी शिरा, भाकरी, शेंगाची चटणी. आई प्रत्येकाला स्वतः वाढत होती आणि डोळे पुसत होती.

धागा काढणारा

मंगळवेढ्याचं वाचून माघाची वाट बघितली नाही. काल शेजारच्या काकांना पहार घेऊन बोलावलं. 4 फुटांवर अजून बद्दच वाजतंय. खणतोय.