मदत हवी आहे: २६ जानेवारीला कामावर बोलावलं, डबल पगार मिळतो की नाही?

पॅनेलवाला
नमस्कार मंडळी. उद्या दुपारी एचआरशी बोलायचं आहे, त्यामुळे जरा पटकन सांगा. २६ जानेवारीला सेल होता म्हणून सगळ्यांना बोलावलं. सकाळी दहा ते रात्री साडेदहा, मध्ये जेवायला वीस मिनिटं. आता पगार आलाय, त्यात एक रुपया जास्त नाही. विचारलं तर म्हणतात, "तुझा ऑफ दिला ना!" डबल मिळतो की नाही एवढंच सांगा. कलम माहीत असेल तर टाका. पन्नास पानांची पीडीएफ नको, वाचायला वेळ नाही.

खडूस
कुठलं राज्य? कसलं दुकान? माणसं किती? तुमचं पद काय? पगार महिन्याचा की रोजंदारी? डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय" एवढंच सांगता का?

मेलबर्नकर
आमच्याकडे रिटेलच्या अवॉर्डमध्ये (म्हणजे त्या धंद्यातल्या पगाराच्या सरकारी नियमांत) स्पष्ट लिहिलंय. सार्वजनिक सुट्टीला काम केलं तर कायम नोकरीवाल्याला मूळ दराच्या २२५ टक्के आणि कॅज्युअलवाल्याला २५० टक्के. शिवाय मालकाने आधी विचारावं लागतं आणि सबळ कारण असेल तर नाही म्हणता येतं. माझा मुलगा कॉलेज सांभाळून सुपरमार्केटमध्ये जातो, तो अशा दिवसांची वाटच बघत असतो.

खडूस
मेलबर्नकर, धागाकर्त्याला व्हिसा पण काढून द्या मग.

पॅनेलवाला
मराठीत लिहितोय म्हणजे महाराष्ट्रच ना. पुणे, नगर रोडचा मॉल. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनचं दुकान. मी टीव्हीच्या सेक्शनला. माणसं भरपूर आहेत, मोजली नाहीत. पगार महिन्याचा. आता सांगा.

अर्धा_वकील
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७, कलम १८. वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या, त्या मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. या दिवशी मालक कामाला बोलावू शकतो, त्याला बंदी नाही. पण मग दोन गोष्टी द्याव्या लागतात: त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. 'किंवा' नाही, 'आणि'. एचआरसमोर याच शब्दावर बोट ठेवा.
माणसं मात्र मोजा. हा कायदा आधी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना होता, २०२५ च्या दुरुस्तीत तो आकडा वीसवर नेला. मॉलमधल्या मोठ्या दुकानात वीस सहज भरतील.

सरकारी_जावई
आठ कुठून आल्या? सरकारी राजपत्रात सार्वजनिक सुट्ट्यांची केवढी मोठी यादी असते. महाशिवरात्र, गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, सगळं. सगळ्यांना मिळायला पाहिजे.

अर्धा_वकील
मिळायला पाहिजे हे खरं, पण मिळत नाही. ती यादी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली निघते. बँका आणि सरकारी कार्यालयांपुरती. खाजगी दुकानाला ती बांधील नाही.

चाळीस_वर्षं_गल्ल्यावर
माझं स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. २६ जानेवारी, १५ ऑगस्टला गिऱ्हाईक बाहेर पडतं कारण त्याला सुट्टी असते. तो दिवस बंद ठेवला तर दुकानदाराने खायचं काय? सगळं ऑनलाइन तर गेलंच आहे. पूर्वी लक्ष्मी रोड सोमवारी बंद म्हणजे बंद, मालकही घरी, नोकरही घरी. आता दुकान तीनशे पासष्ट दिवस उघडं आणि माणसांनी आळीपाळीने ऑफ घ्यायचा. हे आम्ही मागितलं नव्हतं, मोठ्या साखळीवाल्यांना हवं होतं. माझ्याकडे चौघं आहेत, सुट्टीच्या दिवशी आलेल्याला संध्याकाळी रोख हातावर देतो. कलमबिलम मला ठाऊक नाही.

चाफेकळी
काका, तुम्ही देता म्हणून बरं आहे. मी साड्यांच्या दुकानात होते. १ मेला आम्हाला मालक स्टेजवर बोलवून "आमचे कामगार आमचं कुटुंब" म्हणून गुलाब द्यायचे आणि दुकान साडेनऊपर्यंत उघडं. डबल सोडा, बसायला स्टूल नव्हतं. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं, बसलेली दिसली की सुपरवायजर टाळी वाजवायचा. केरळात साड्यांच्या दुकानातल्या बायका भांडल्या तेव्हा २०१८ मध्ये बसायचा हक्क कायद्यात आला. तमिळनाडूत २०२१ ला. आपल्याकडे अजून पायांना सूज येऊ द्यायची आणि घरी जाऊन गरम पाण्यात बुडवायचे.

हॅपी_मतदार
मतदानाच्या दिवसाचं कोणी बोललं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३५ ब. मतदार असलेल्या प्रत्येक कामगाराला भरपगारी सुट्टी. दुकान असो की कारखाना. नाही दिली तर मालकाला दंड, पण तो जेमतेम पाचशे रुपयांपर्यंत, म्हणून कोणी जुमानत नाही. लोकांना याची माहितीच नसते, म्हणून सांगितलं.

पॅनेलवाला
अहो मतदान कुठे होतं २६ ला?? चाफेकळी ताई, तुमचं अगदी बरोबर आहे, आम्हालाही बसू देत नाहीत. पण माझं डबलचं सांगा. मॅनेजर म्हणतो ऑफ दिला म्हणजे झालं.

पलीकडच्या_खुर्चीतून
मी एचआरमध्ये आहे (तुमच्या कंपनीत नाही, घाबरू नका). सगळे कलम फेकतायत, मला वेगळंच विचारायचं आहे. "ऑफ दिला" म्हणजे नेमका कुठला? तुमची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते? यंदा २६ जानेवारी सोमवारी होती.

पॅनेलवाला
माझा ऑफ सोमवारचाच. त्या आठवड्यात ग्रुपवर मेसेज आला, "२६ ला सर्वांचे ऑफ कॅन्सल, नो एक्सक्यूज". मग मला बुधवारी ऑफ दिला. तोच ऑफ म्हणतोय तो.

पलीकडच्या_खुर्चीतून
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर! तुमचा एचआर उद्या काय म्हणणार ते मी आत्ताच सांगते: "सुट्टी साप्ताहिक ऑफच्या दिवशी आली, वेगळी सुट्टी द्यायचा प्रश्न येत नाही, आणि ऑफ आम्ही बुधवारी भरून दिला." बऱ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत हेच लिहिलेलं असतं.

अर्धा_वकील
पॉलिसी कायद्याच्या वर नसते. आणि हा युक्तिवाद त्यांच्याच अंगाशी येतो. ऑफ बुधवारी नेला, म्हणजे त्या आठवड्याची साप्ताहिक सुट्टी बुधवार झाली. मग सोमवार काय उरला? कामाचा दिवस. कामाच्या दिवशी २६ जानेवारी आली आणि त्या दिवशी माणूस कामावर होता. झालं, कलम १८ लागू. आठवड्यातून एक दिवस सुट्टी तर त्यांना कुठल्याही आठवड्यात द्यावीच लागते, ती बदली सुट्टी कशी होईल? एकच बुधवार दोन खात्यांत दाखवताय. दुप्पट पगार बाकी आणि एक बदली सुट्टीही बाकी.

पलीकडच्या_खुर्चीतून
तर्क पटतो. पण एचआर तो लगेच मान्य करेल असं समजून जाऊ नका. आणि 'दुप्पट'चा हिशेब नीट करून जा, नाहीतर तिप्पट मागून हसं व्हायचं. महिन्याच्या पगारात त्या दिवसाचा एक पगार आलेलाच असतो. वर एक मिळायला हवा.

गिरणीचा_पोरगा
का म्हणून? सुट्टीचा पगार भरपगारी म्हणून मिळतोच, काम न करता. काम केलं त्याचा दुप्पट वेगळा. म्हणजे वर दोन. माझे वडील गिरणीत होते, आमच्या घरी हा हिशेब पोरांनाही पाठ होता.

पलीकडच्या_खुर्चीतून
काका, बदली सुट्टी भरपगारी आहे ना? तो तिसरा दिवस तिथे येतो. दोन्ही धरलेत तर चार होतील.

गिरणीचा_पोरगा
होऊ देत की. मालकाच्या खिशातून जातात, तुमच्या कशाला दुखतंय? आणि मला काका म्हणू नका, मी पंचेचाळीसचा आहे.

खडूस
२६ ने भागायचं की ३० ने ते पण ठरवून टाका. १५,६०० पगार असेल तर एकीकडे दिवसाचे ६०० होतात, दुसरीकडे ५२०. एचआर ३० ने भागतो आणि कामगार २६ ने, ही पृथ्वीच्या जन्मापासूनची रीत आहे.

अर्धा_वकील
महिन्यातल्या चार साप्ताहिक सुट्ट्या वजा करून २६ धरायचा प्रघात आहे, तोच धरा. शिवाय दहा ते साडेदहा म्हणजे साडेबारा तास. २०२५ च्या दुरुस्तीनंतरही कामाचा एकूण पसारा, विश्रांती धरून, बारा तासांच्या पुढे जाऊ शकत नाही. आणि विश्रांती निदान अर्ध्या तासाची हवी, वीस मिनिटांची नाही. ओव्हरटाईमचा दर दुप्पट, तो वेगळा मागा. त्या दिवसाची हजेरी तुमच्याकडे आहे का? रोस्टरचा फोटो? पे स्लिप?

पॅनेलवाला
ग्रुपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट आहे. हजेरी दुकानात अंगठा लावतो आणि ॲपवर सेल्फी पण टाकतो. पे स्लिप एजन्सी मेल करते, जानेवारीची अजून आली नाही.

खडूस
एजन्सी???

अर्धा_वकील
कोणती एजन्सी? तुम्ही दुकानाचे नोकर नाही?

पॅनेलवाला
नाही, मी टीव्ही कंपनीचा प्रमोटर. टीशर्ट कंपनीचा, पगार एजन्सी देते, रोस्टर दुकानाचा फ्लोअर मॅनेजर लावतो. सगळे प्रमोटर असेच असतात. म्हटलं माहीत असेल सगळ्यांना.

खडूस
नाही हो, आम्ही टीव्ही घ्यायला जातो, विकायला नाही. उद्या कुठल्या एचआरकडे जाणार होतात?

पॅनेलवाला
दुकानाच्या.

पलीकडच्या_खुर्चीतून
दुकानाचा एचआर पाच मिनिटांत बाहेर काढेल, "तू आमचा नाहीस" म्हणून. तुमचं नियुक्तिपत्र एजन्सीचं, म्हणजे पहिला दावा एजन्सीवर. एजन्सी म्हणणार, दुकानाने बोलावलं. दुकान म्हणणार, कंपनीचा माणूस. कंपनी म्हणणार, आम्ही एजन्सीला पैसे दिले. तिघांनाही एकाच मेलमध्ये घ्या.

वर्धेचा_भाऊ
भाऊ मी बी नागपुरात प्रमोटर होतो, फ्रिजवाल्या कंपनीचा. फोनवर बोलूच नोका. एजन्सीचा कोऑर्डिनेटर फोनवर सारं 'हो हो, करतो' म्हन्ते आन् महिन्याच्या शेवटी ओळखबी देत नाही. मेल करा, त्यात तारीख, टाइम, मेसेजचा फोटो टाका आन् कंपनीच्या एरिया मॅनेजरले कॉपीत ठेवा. कॉपीत तो दिसला का एजन्सी हलते, काहून का तिचं कंत्राट त्याच्या हातात रायते. मले पैसे नाही भेटले पन सुट्टी भेटली. आन् फ्लोअर मॅनेजरसंग भांडू नोका, तो दुसऱ्या दिवशी तुमचा डेमो टीव्ही खांबामागं लावते. मंग टार्गेट कुठून कराल?

पॅनेलवाला
खांबामागे!! भाऊ, हे खरं आहे. आमच्याकडे एकाचा पॅनेल टॉयलेटच्या वाटेवर लावला होता. इन्सेंटिव्ह गेला सगळा.

गिरणीचा_पोरगा
सुट्टीवर कशाला भागवायचं? युनियन करा. सगळे प्रमोटर एकत्र आले तर १५ ऑगस्टचा सेल कोण करणार?

वर्धेचा_भाऊ
साहेब, बाजूचा प्रमोटर दुसऱ्या कंपनीचा. दिवसभर त्याचंच गिऱ्हाईक ओढाचं असते. एकत्र कुठून येता?

मराठी_पाटी
मॉलमधल्या दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या का ते पण बघा. तोही याच कायद्यात आहे, २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी माणसं असली तरी बंधनकारक. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली होती. आमच्याकडे अजून कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात मराठी आहे.

खडूस
आलं, पाट्यांवर आलं. आता पुढची शंभर पोस्टं गेली. वेगळा धागा काढा हो.

अर्धा_वकील
पॅनेलवाला, क्रम सांगतो. आधी मेल, भाऊंनी सांगितला तसा, एजन्सीच्या नावाने. आठवड्याभराची मुदत द्या. उत्तर नाही आलं तर शिवाजीनगरला कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. आता इन्स्पेक्टरऐवजी 'सुविधाकार' म्हणतात, नाव बदललं तरी माणूस तोच बसलेला असतो. एजन्सी पैसे बुडवत असेल तर कंत्राटी कामगाराच्या पगाराची जबाबदारी शेवटी ज्याने काम करून घेतलं त्याच्यावर जाते. तुमच्या बाबतीत ती टीव्ही कंपनी की दुकान, यावर वाद होईल, म्हणून अर्जात दोघांचीही नावं लिहा. आणि पद काय लिहिलंय नियुक्तिपत्रावर तेही बघा. सुपरवायजर किंवा मॅनेजर असं काही असेल तर तेच तुमच्या विरोधात वापरतील, कारण पर्यवेक्षी माणसांना हा कायदा लागू नाही.

पॅनेलवाला
पत्रावर 'इन स्टोअर ब्रँड एक्झिक्युटिव्ह' आहे.

खडूस
नाव मोठं, लक्षण खोटं.

अर्धा_वकील
चालेल. हाताखाली कोणी नाही, रजा कोणाची मंजूर करत नाही, दिवसभर विक्री करता. एक्झिक्युटिव्ह म्हटल्याने कोणी साहेब होत नाही.

पॅनेलवाला
मेल टाकला. एजन्सी, कंपनीचा एरिया मॅनेजर, दुकानाचा एचआर, तिघंही. वर एका दिवसाचा पगार, एक सुट्टी आणि ओव्हरटाईम मागितलाय. दोन तासांत कोऑर्डिनेटरचा फोन आला, "मेल कशाला केलास, फोन करायचा ना". उचलून म्हटलं, मेलवरच लिहा. आता १ मेचं रोस्टर लागेल तेव्हा माझा टीव्ही कुठे लागतो ते कळेलच.

चाफेकळी
शाब्बास दादा. काय उत्तर येतं ते इथे टाका.

नवीन_सभासद_सातारा
धागा वाचला. मी मेडिकल दुकानात आहे, आम्ही सहा जण. मला पण २६ ला बोलावलं होतं. मला डबल मिळेल का?

अर्धा_वकील
सहा जणांना या कायद्याची ती तरतूद लागू होत नाही. मालकाशी बोलूनच काय ते. पगार रोखीने देतात की खात्यात, आणि रजेचं काही लेखी आहे का?

नवीन_सभासद_सातारा
रोखीने. लेखी म्हणजे?