शब्दचर्चा : घोड्याच्या साजावरचं 'पेंडंट', म्हणजे पदक, लोलक की हैकल?

प्रश्न : इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतांत हिंडणाऱ्या हौशी लोकांना मध्ययुगीन घोड्यांच्या सजावटीचे छोटे धातूचे तुकडे सापडतात. तिकडे त्यांना 'हार्नेस पेंडंट' म्हणतात. एका लेखाच्या अनुवादासाठी संपादकांनी 'लगामाचे लोलक' सुचवलंय. मला ते पटत नाही. तुम्ही काय वापराल?

उत्तर : लगाम तर नकोच. लगाम तोंडापाशी आणि स्वाराच्या हातात. ही पेंडंटं मुख्यतः छातीवरच्या पट्ट्याला, म्हणजे पेशबंदाला, ओळीनं टांगलेली असत. कपाळपट्टीवर आणि मागे पुठ्ठ्यावरही असत. या सगळ्याला मिळून आपल्याकडे 'साज' हा शब्द आहेच. जीन, तंग, रिकीब, दुमची, सगळं त्यात आलं.

उत्तर : 'साज'ला अनुमोदन. आता दुसरा अर्धा भाग. वस्तू नेमकी कशी असते ते आधी बघू, मग शब्द ठरवू. साधारण तीन-चार सेंटिमीटरचा ओतीव तुकडा. आकार बहुतेकदा ढालीचा, पण चौपाकळी, चौकोनी, गोल असेही भरपूर. वर एक कडी. तिच्यातून आडवी पिन जाते आणि ती पिन चामड्याला रिव्हेटनं ठोकलेल्या दुसऱ्या तुकड्याच्या कानांत बसते. म्हणजे घोडा चालला की हे हलणार, चमकणार. पुढच्या बाजूला खोलगट कप्पे ठेवून त्यांत काचेची पूड भरून भाजत, म्हणजेच मीनाकाम. उरलेल्या उंच भागावर सोन्याचा मुलामा. आज शेतातून निघतं तेव्हा मीना बराचसा झडलेला असतो, एखाद्या कोपऱ्यात लाल किंवा निळा कण तग धरून. कडी पुष्कळदा झिजून तुटलेली असते, आणि मुळात घोड्यावरून पडायचं एक कारण तेच.

लोंबतं म्हणून 'लोलक' चुकीचा नाही. पण लोलक म्हटलं की झुंबराचं काचेचं नाहीतर घड्याळाचं डोळ्यांपुढे येतं. इथे चपट्या पृष्ठभागावर चिन्ह आहे, आणि सगळी गंमत त्या चिन्हात आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातली पेंडंटं खूप सापडतात आणि त्यांतली बरीच सरदार घराण्यांची कुलचिन्हं मिरवतात. लाल जमिनीवर तीन सोनेरी सिंह हे इंग्लंडच्या राजाचं. १३४० मध्ये तिसऱ्या एडवर्डनं फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत त्यात फ्रेंच लिलीची फुलं घातली. तेव्हा नुसते सिंह असतील तर तुकडा बहुधा त्याआधीचा. पिवळ्यावर तीन लाल उलटे 'व्ही' दिसले तर क्लेअर घराणं. अर्थात चिन्ह राजाचं म्हणजे घोडा राजाचा, असं समजू नये. पदरी असलेली माणसंही धन्याचं चिन्ह मिरवत.

म्हणून मी 'पदक' घेईन. ताईत-पदकातलं पदक, शर्यतीत मिळालेलं नव्हे. वाचकाचा घोळ होऊ नये म्हणून पहिल्यांदा 'साजावरचं पदक' लिहा, पुढे नुसतं पदक.

जाता जाता : जुन्या फ्रेंच वर्णनांत इंग्लंडच्या चिन्हातल्यासारखा तोंड वळवून चालणारा सिंह 'लेपार' होतो. अनुवादात त्याचा बिबट्या करू नका.

उत्तर : 'हैकल' का नाही? अस्सल घोड्याचाच दागिना आहे.

उत्तर : हैकल गळ्यात, आणि ती सबंध माळ. इथे सुटा तुकडा हवाय. शिवाय आज किती जणांना कळेल? घोड्याच्या सामानातले शब्द आपण एकतर विसरलो नाहीतर भलतीकडे नेले. 'जेरबंद' हा मूळचा घोड्याच्या छातीखालून जाणारा पट्टा, आता फक्त वर्तमानपत्रात चोर आणि बिबटे जेरबंद होतात. खोगीरभरतीचं तर विचारूच नका.

प्रश्नकर्ता : 'साजावरचं पदक' घेतो. त्याच लेखात 'ट्रेझर' आहे. 'गुप्तधन' चालेल?

उत्तर : नाही चालणार. गुप्तधन म्हणजे कुणीतरी पुरून ठेवलेलं. इंग्लंडचा जुना कायदाही मालकानं परत काढायच्या हेतूनं लपवलंय का, हेच बघायचा. १९९६ च्या कायद्यानं ती अट काढली. आता मुख्यतः वय आणि धातू बघतात : ३०० वर्षांहून जुनी वस्तू आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी. तांब्याचं सुटं पदक नुसत्या मुलाम्यावर यात बसत नाही. ते सापडलं तर नोंद ऐच्छिक. १९९७ पासून त्यासाठी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम आहे, ब्रिटिश म्युझियम ती चालवतं. कायद्याचा संदर्भ असेल तिथे सरळ 'ट्रेझर' ठेवा आणि एकदा खुलासा करा. आपल्याकडच्या १८७८ च्या कायद्याबद्दल लिहिताना 'गुप्तधन' शोभतं, कारण त्याच्या व्याख्येतच जमिनीत लपवलेलं असं आहे.

प्रश्नकर्ता : चित्राखाली असं देतोय : 'घोड्याच्या साजावरचं पदक. पितळ, मीनाकाम व मुलामा. इंग्लंड, १३वं-१४वं शतक.'

उत्तर : 'पितळ' काढा. तपासणी केल्याशिवाय पितळ की काशे ते सांगता येत नाही, म्हणून तिकडच्या नोंदींतही नुसतं तांब्याचं मिश्रण असल्याचं लिहितात. मराठीत 'तांब्याचं संमिश्र' करा, शालेय पुस्तकांतला शब्द आहे. 'मिश्रधातू' घेतलात तर तो की ती यावरून इथे आणखी पन्नास प्रतिसाद येतील.