मदत हवी आहे: रंकाळ्याच्या गाळातलं तांबं सांडपाण्याचं की कातळाचं?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं पाणी आणि तळाचा गाळ तपासतोय.

पाण्याचं फारसं अडलेलं नाही. नमुने पहाटे आणि दुपारी असे दोन्ही वेळा घेतो, कारण शेवाळामुळे दुपारी विरघळलेला ऑक्सिजन भरपूर दिसतो, खरी परिस्थिती उजाडायच्या आधी कळते. तुलना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'बी' वर्गाशी, म्हणजे आंघोळीच्या पाण्याशी: ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) जास्तीत जास्त ३. (आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यासाठी आहे, तो लावलेला नाही. आधीच सांगून ठेवतो.)

घोडं अडलंय गाळापाशी. श्याम सोसायटी नाल्याच्या बाजूचा गाळ काळाकुट्ट आहे, डबा उघडला की सडक्या अंड्यांचा वास. धातूचा चमचा न लावता मधला भाग घेतला, वाळवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढला. आता जिओ-अॅक्युम्युलेशन इंडेक्स काढायचाय, म्हणजे गाळातला धातू नैसर्गिक पातळीच्या किती वर आहे त्याचा आकडा. मार्गदर्शक म्हणतात, नैसर्गिक पातळी म्हणून पुस्तकातली शेलची (चिखलापासून बनलेल्या खडकाची) जगभरची सरासरी धर, तांब्यासाठी ४५ पीपीएम (दशलक्षात ४५ भाग). मला ते पटत नाही. आपला कातळ म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, लाव्हाचा काळा खडक. त्यात तांबं मुळातच शंभर-दोनशे पीपीएम सहज असतं. समजा गाळात १५० आलं, तर सूत्राप्रमाणे त्याला ४५ च्या दीडपटीने भागायचं, त्याचा दोनच्या पायाचा लॉग १.१५. म्हणजे 'मध्यम प्रदूषित'. मग पन्हाळ्याचा कडाही प्रदूषितच म्हणायचा! क्रोमियम आणि निकेलचंही तसंच होऊ शकतं. शिसं आणि कॅडमियमला ही अडचण येऊ नये.

रंकाळा मुळात दगडाची खाण होती असं सांगतात. तर काठचा ताजा फोडलेला कातळ कुटून त्यातलंच प्रमाण नैसर्गिक पातळी म्हणून धरलं तर परीक्षक मानतील का? की तळातून गाभा (गाळाचा उभा नळीसारखा नमुना) काढून सगळ्यात खालचा जुना थर धरावा? अॅक्वा रेजियात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) खडकातलं सिलिकेट पूर्ण विरघळत नाही, त्यामुळे कातळाला आणि गाळाला एकच पद्धत लावणार आहे. शिवाय गाळाच्या बारीक-जाडपणाचा फरक काढून टाकायला धातूचं लोखंडाशी गुणोत्तर काढावं म्हटलं, तर बेसॉल्टात तेही भरमसाट. अॅल्युमिनियम बरं पडेल का?

गाभ्यासाठी पीव्हीसी पाइप कुणी वापरलाय का? वर ओढताना बुडाचा गाळ निसटतो, त्यावर काय करता? होडीची सोय आहे.